आत्याच्या काळ्या गाडीवरचं जाळं

आत्याची गाडी २०१७ची. सॉलिड काळ्या रंगाची हॅचबॅक, एमएच १४ पासिंग, ४७ हजार किलोमीटर चाललेली. इंजिन ठणठणीत, टायर नवे. मार्च २०२५च्या सुरुवातीला तिने मला फोन केला. "अरे, पाडव्याला गाडीला हार घालायचा तर ती काळी तरी दिसायला हवी. उन्हात उभी केली की राख फासल्यासारखी दिसते." डेंटिंग-पेंटिंगवाल्याने तिला बॉनेट, टप आणि दोन दरवाजे नव्याने रंगवून घ्यायला सांगितले होते. तिला ते पटत नव्हतं, मलाही पटलं नाही.

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी विभागात काम करतो. पेंट शॉपमधून आलेल्या पार्टवर रंगाची जाडी मोजायची, फिनिश तपासायचं, हे माझं रोजचं काम. पण गाडीला मशीनने पॉलिश कधीच केलं नव्हतं. म्हणजे मोजायला येत होतं, करायला येत नव्हतं. दोन दिवसांत केलेलं काम आणि त्यानंतरचे सहा महिने इथे तपशिलाने मांडतो आहे. गाडीवर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसायला लागलं की बहुतेक जण विचारतात, मशीन कुठलं घेऊ. मला वाटतं तो प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे.

जाळं कुठून दिसतं

आत्याच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे. तिथे ट्यूबलाइटखाली गाडी चकचकीत दिसत होती. आत्या म्हणाली, "बघ, इथे काहीच नाही!" मग मी मोबाइलचा टॉर्च लावून बॉनेटवर धरला आणि उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. बारीक, गोल गोल, एकात एक अडकलेल्या रेषा. टॉर्च डावीकडे नेला की जाळंही डावीकडे सरकायचं.

हे सरकणं नीट समजून घेण्यासारखं आहे. ओरखडे गोल नसतात. ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात, सरळ, तिरके, आडवे. पण एका बिंदूतून येणारा उजेड ज्या ओरखड्याच्या कडेवर बरोबर कोनात पडतो, तेवढाच ओरखडा डोळ्याकडे उजेड परतवतो. उजेडाभोवती गोल फेर धरतील असेच तुकडे त्यामुळे चमकतात आणि बाकीचे लपून राहतात. ट्यूबलाइटचा उजेड लांबट, पसरट, म्हणून तिथे जाळं दिसत नाही. सूर्य आणि टॉर्च हे बिंदू, तिथे दिसतं. आणि काळ्या रंगात मागून परतणारा दुसरा उजेडच नसतो, म्हणून प्रत्येक रेष पांढरी उठून दिसते. पांढऱ्या गाडीवर तितकंच जाळं असलं तरी मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

हे ओरखडे रंगात नसतात, रंगावरच्या पारदर्शक थरात असतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा इलेक्ट्रोकोट, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे ज्या थरावर आपण मशीन चालवणार तो केसापेक्षा पातळ. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतं. ही बँकेतली ठेव आहे, काढता येते, पुन्हा भरता येत नाही. खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनंही याच थरात असतात. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटलेले दिसतात, तिथे ही ठेव संपलेली असते.

फडकं

मशीन विकत घेण्याआधी एका सकाळी साडेपाचला मी आत्याच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. गाड्या पुसणारे काका आले. त्यांच्याकडे २६ गाड्या, गाडीमागे महिना ५०० रुपये. हातात एक बादली, खांद्यावर दोन फडकी. पहिल्या चार गाड्यांपर्यंत पाणी पाणी होतं, आत्याची गाडी अकरावी. तोवर ते चहाच्या रंगाचं झालं होतं.

मी त्यांना म्हटलं, "काका, पाणी बदलता येत नाही का?"

"कुठून बदलू दादा? सोसायटीत टँकर येतो. गाड्यांना एक बादली, त्याच्यावर पाणी मिळत नाही."

ते कामात कुचराई करत नव्हते. उलट आत्याच्या बॉनेटवर त्यांनी जास्तच मन लावून, गोल गोल हात फिरवून पुसलं. काळ्या गाडीवर धूळ दिसते, आणि धूळ दिसली तर बोलणी खावी लागतात हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडून फडकं मागून घेतलं, पिळलं, वाळू दिलं आणि घरी पांढऱ्या कागदावर झटकलं. कागदावर काळसर करड्या कणांचा थर पडला. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळले तर रवाळ, करकरीत. आत्याच्या घराजवळ, मोशीच्या बाजूला दगडखाणी आहेत, क्रशर आहेत, आणि सगळीकडे बांधकामं चालू आहेत. खडीचा हा चुरा बेसाल्टचा. त्यातली खनिजं काचेच्या तोडीची कठीण असतात. क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. त्या कणांपुढे तो लोण्यासारखा.

आठ वर्षं, जवळपास रोज, असं फडकं फिरलं होतं. काकांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण हे फडकं थांबल्याशिवाय मशीन लावणं म्हणजे आत्याची ठेव काढून वाऱ्यावर उधळणं. म्हणून पहिलं काम मी तेच केलं. काकांना सांगितलं, पैसे तेवढेच, पण यापुढे आत्याच्या गाडीच्या फक्त काचा आणि टायर. पत्र्याला हात लावायचा नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. गाडी धुळकट दिसली तर आत्या रागावणार नाही ना, एवढंच त्यांना हवं होतं.

मोजमाप

आमच्या साहेबांची परवानगी घेऊन शनिवार-रविवारपुरता कंपनीतला डीएफटी मीटर घरी आणला. रंगाची जाडी मोजणारं हे छोटं यंत्र पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा देतं. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. आणि ते चारही थरांची एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. म्हणून एकेका आकड्याला फारसा अर्थ नसतो. शेजारच्या आकड्याशी तुलना केली की अर्थ कळतो.

प्रत्येक भागावर पाच ठिकाणी मोजलं. बॉनेट १०८ ते ११८. टप १०४ ते ११२. डावे दोन्ही दरवाजे ११० ते १२०. उजवा पुढचा दरवाजा ११३च्या आसपास. सगळं कारखान्याचं, एकसारखं. उजवा मागचा दरवाजा मात्र २१० ते २३०. आत्याला विचारलं तर तिला आठवलं, २०२०मध्ये सोसायटीच्या गेटला दरवाजा घासला होता, तेव्हा रंगवून घेतला. लांबी (पुट्टी) भरलेली असती तर आकडा याहून बराच वर गेला असता. तेव्हा फक्त रंग चढवला होता.

मग डाव्या बाजूचं मागचं पॅनल, पेट्रोलच्या झाकणाच्या मागचा भाग. तिथे ११२, १०९, ९६, ८४, ८६.

८४वर मी चार वेळा मीटर टेकवला. चारही वेळा ८४-८५च. आत्याने आठवून सांगितलं की तिथे लांबच लांब चरा होता, आणि एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी "रबिंग मारून देतो" म्हणून तो काढून दिला होता. चरा खरोखरच गेला होता. पण शेजारच्या ११०शी तुलना केली तर तिथून २५ मायक्रॉनच्या आसपास साल निघालं होतं. म्हणजे क्लिअर कोटचा अर्धा किंवा त्याहून जास्त भाग. त्यावर नंतरच्या फडक्यांचं जाळं बसलं होतं, आणि ते सगळ्या गाडीत सगळ्यात ठळक होतं. ड्रायव्हरच्या आरशातून ते दिसत नाही, पण डिकी उघडायला गेलं की पहिलं तेच दिसतं. आत्याला मुख्यतः तेवढंच घालवून हवं होतं.

मी तिथे निळ्या मास्किंग टेपची फुली मारली. इथे मशीन लावायचं नाही. आत्या थोडी हिरमुसली, पण वीस वर्षं गणित शिकवलेली बाई आहे, आकडे बघितल्यावर तिने वाद घातला नाही.

तयारी

मशीन घेतलं ते ड्युअल ॲक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात. १५ मिलिमीटर थ्रोचं (पॅड हेलकावतं ते अंतर), ५ इंची प्लेटचं. गॅरेजमध्ये रबिंगला वापरतात ते रोटरी, म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणारं. ते थर जोरात कापतं आणि उष्णताही एकाच जागी साठते. नवशिक्याच्या हातात रोटरी आणि लोकरीचं पॅड दिलं तर कडेवरचा रंग काही सेकंदांत जळू शकतो, आणि काळ्यावर उन्हात पट्ट्यापट्ट्यांचे होलोग्राम उमटतात ते वेगळेच. डीएचं पॅड फिरता फिरता हेलकावे खातं. जास्त दाबलं किंवा वाकडं धरलं तर त्याचं फिरणं थांबतं. काम मंदावतं, पण तेच त्याचं संरक्षण. सुरुवात करणाऱ्याने दुसरं काही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवली. मशीन चालू असताना रेघ गरगरताना दिसली तर पॅड फिरतंय. रेघ एका जागी थरथरली तर पॅड अडलंय. दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून घरातल्या वजनकाट्यावर बंद मशीन ठेवून हाताने दाबून पाहिलं. काटा ५ ते ६ किलोवर राहील असा दाब दहा-बारा वेळा देऊन हाताला बसवला.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी धुतली. मग लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा मारला. ब्रेकमधून उडालेले कण पत्र्यात रुतून बसतात, ते या द्रवाने जांभळे होऊन ओघळतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवला. नुसत्या बोटाला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. साबणाचं पाणी मारत क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवला, तो खरखर संपेपर्यंत. क्लेचा एक तुकडा खाली पडला तो फेकून दिला, कारण जमिनीवरचा एक खडा पुरेसा असतो. क्ले स्वतःही बारीक रेषा पाडतं, तेव्हा पुढे पॉलिश करायचं नसेल तर उगाच क्ले फिरवू नये.

दरवाजांच्या रबरी पट्ट्या, हेडलाइटच्या कडा, आणि दरवाजावरून जाणारी धारदार घडी, सगळ्यावर टेप. कडांवर रंग सपाट भागापेक्षा पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो.

पहिला चौकोन

शनिवारी, २२ मार्चला, बॉनेटवर टेपने दीड फुटाचा चौकोन आखला. नियम एकच, सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात. मऊ फोमचं फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन टेकवूनच चालू केलं, हवेत चालू केलं तर थेंब कपड्यांवर उडतात. कमी वेगावर पॉलिश पसरलं, मग डायल साडेचारवर. उभ्या फेऱ्या, मग आडव्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून.

काही सेकंदांत पॉलिश सुकलं. पांढरी भुकटी उडाली आणि पॅड पत्र्यावर खरडू लागलं. मी लगेच थांबलो. सकाळचे अकरा वाजले होते. गाडी सावलीत होती, पण थोड्याच वेळापूर्वी बाहेरून आत आणलेली. बॉनेटला हात लावला तर चांगलंच गरम. पुस्तकी भाषेत "थंड पृष्ठभागावर काम करा" हे मी दहादा वाचलं होतं, पण इंजिन बंद करून तास झाला म्हणजे बॉनेट थंड, असं मी गृहीत धरलं होतं. काळा पत्रा इतक्या लवकर थंड होत नाही. ओल्या फडक्याने भुकटी काढून दुपारभर गाडी तशीच ठेवली. संध्याकाळी पुन्हा हात लावून पाहिला, आणि मगच पुढे गेलो.

दुसरी चूक कळायला मदत आत्याची झाली. ती खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "तू फार घाईने हात फिरवतोस. मशीन काम करतंय, तुझा हात नाही." तिने मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली, शाळेत कवायतीला मोजतात तसे. दीड फूट जायला सोळा आकडे. इतकं सावकाश हात चालवणं सुरुवातीला जड जातं, हात आपोआप पळायला बघतो. पण तिच्या मोजण्यावर हात बसला आणि पॉलिश सुकण्याआधी पातळ, तेलकट, पारदर्शक होताना पहिल्यांदा दिसलं. तिथे थांबायचं.

पुसल्यावर चौकोन इतका काळा, इतका खोल दिसला की आत्या खुर्चीवरून उठून आली. पण पॉलिशमधली तेलं ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात. खरं काय ते बघायचं तर आयपीए मारावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग आणि बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचे सहा भाग. ते फवारून पुसलं आणि टॉर्च लावला, तर अर्ध्याहून जास्त जाळं जागच्या जागी. सौम्य उपाय कमी पडला होता.

शेजारच्या चौकोनात मध्यम फोम आणि तेच बारीक पॉलिश, चार फेऱ्या, आयपीए, टॉर्च. आता जाळं उरलं नव्हतं, सुट्या काही रेषा राहिल्या होत्या. तिसऱ्या चौकोनात कटिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारं मिश्रण, लावून पाहिलं. रेषा जवळजवळ सगळ्या गेल्या, पण बारीक धुरकटपणा आला, तो घालवायला पुन्हा पॉलिशचा हात द्यावा लागला.

माझी खरी परीक्षा या तिसऱ्या चौकोनापाशी होती. तिसरा चौकोन सुंदर होता, अगदी शोरूममधल्यासारखा. सगळी गाडी तशी करायचा मोह फार झाला. पण ही गाडी रोज भाजीला, बँकेत, देवळात जाणार. ती आणखी आठ-दहा वर्षं वापरायची आहे. कंपाउंड आणि वर पॉलिश म्हणजे जास्त साल. दुसऱ्या चौकोनातल्या उरलेल्या रेषा टॉर्च लावून शोधाव्या लागत होत्या, उन्हात चार पावलांवरून त्या दिसणार नव्हत्या. मी दुसऱ्या चौकोनाची रीत ठरवली. कंपाउंडची बाटली पुन्हा उघडली नाही.

मागचा दरवाजा

रविवारी पहाटे सहाला सुरुवात केली. बॉनेट, टप, डावे दरवाजे व्यवस्थित झाले. मध्ये एकदा दुसऱ्या दरवाजावर आधीइतकं निघेना. फेऱ्या वाढवण्याऐवजी पॅड उलटं करून बघितलं तर वाळलेल्या पॉलिशने त्याची छिद्रं बुजली होती. नायलॉनच्या ब्रशने खरवडलं, पॅड बदललं, आणि पुन्हा पहिल्यासारखं काम सुरू झालं. त्यानंतर प्रत्येक चौकोनानंतर ब्रश आणि दर दोन भागांनंतर नवं पॅड.

उजव्या मागच्या दरवाजावर दुसरीच फेरी चालू असताना पॅडकडे नजर गेली. पिवळं पॅड काळं झालं होतं.

क्लिअर कोट पारदर्शक असतो, त्याचा चुरा पॅडवर पांढुरका दिसतो. पॅडवर गाडीचा रंग उतरला याचा अर्थ मशीन रंगापर्यंत पोहोचलं. माझ्या हाताला घाम सुटला. मशीन बंद केलं, पुसलं, टॉर्च लावला. पत्रा नितळ होता, कुठे मॅट डाग नाही, कडा बदललेली नाही. मीटर लावला. आधी २२६ होतं, आता २२५. दोन-तीन फेऱ्यांत डीए इतका जाड थर खाऊ शकत नाही.

मग उलगडा झाला. हा दरवाजा २०२०मध्ये गॅरेजमध्ये रंगवला होता. सॉलिड काळा असल्याने त्यांनी बेस आणि क्लिअर असे दोन थर न देता एकाच थराचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला असणार. त्यावर क्लिअर कोटच नाही, तेव्हा पॉलिश केलं की रंगच निघणार. तिथे पॅड काळं होणं साहजिक होतं. शंका फेडायला आतल्या, उघडल्यावरच दिसणाऱ्या पट्टीवर बोटाने थोडं पॉलिश चोळलं, फडकं काळं झालं. पुढच्या दरवाजाच्या तशाच पट्टीवर चोळलं, तिथे फडकं काळं झालं नाही.

हा रंग मऊही होता. बाकी गाडीला चार फेऱ्या लागत होत्या, इथे मऊ पॅडने दोन पुरल्या. काळं झालेलं पॅड फक्त त्याच दरवाजाला ठेवलं. जुनी किंवा दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी पॉलिश करणाऱ्याला माझं एवढंच आग्रहाचं सांगणं आहे की मीटर मिळवा. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात पेंट शॉपमध्ये ओळख निघते, चांगल्या डिटेलिंगवाल्याकडेही असतो. मीटर हाताशी नसता तर ते काळं पॅड पाहून मी काम सोडून दिलं असतं, किंवा त्याहून वाईट, डाव्या मागच्या पॅनलवर बिनधास्त मशीन चालवलं असतं.

राहू दिलेलं

फुली मारलेल्या त्या पॅनलवर हाताने, मऊ फोमच्या ॲप्लिकेटरने, बारीक पॉलिशचा एकच हलका हात दिला. चमक थोडी आली, जाळं राहिलं. पुढच्या डाव्या दरवाजावर कुणाच्या तरी सायकलच्या पेडलचा चरा आहे, नख अडकतं त्यात. नख अडकलं की तो पॉलिशने जाणारा नाही, त्याच्या कडा फक्त बोथट होतात, म्हणून त्याच्या मागे लागलो नाही. टपावर टाकीच्या गळतीतल्या बोअरच्या पाण्याचे पाच-सहा डाग खोलवर बसले आहेत. तेही तसेच.

शेवटी सगळ्या गाडीवर सीलंटचा, म्हणजे संरक्षक लेपाचा, हात मारला. आत्याच्या शेजाऱ्यांनी सिरॅमिक कोटिंग करून घ्या असा आग्रह धरला होता. ते चांगलं असतं, पाणी ओघळून जातं, धुणं सोपं होतं. पण बेसाल्टचा चुरा असलेलं फडकं फिरलं तर सिरॅमिकवरही रेषा पडतात. ते पैसे धुण्याच्या सामानाला लावले. दोन बादल्या, एक मऊ हातमोजा, चांगली मायक्रोफायबर फडकी, आणि नर्सरीत मिळतो तो दोन लिटरचा फवारणीचा हातपंप. आधी पंपाने शाम्पूचं पाणी मारून धूळ भिजवायची, ओघळू द्यायची. मग हातमोजा साबणाच्या बादलीतून काढून एक भाग पुसायचा, आणि पुन्हा साबणात बुडवण्याआधी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यायचा. हात सरळ फिरवायचा, गोल नाही. पुऱ्या गाडीला १८ ते २० लिटर पाणी लागतं. टँकरच्या सोसायटीत एवढं मागता येतं. आठवड्यातून एकदा, रविवारी. बाकीचे सहा दिवस गाडी धुळकट राहते, आणि आत्या ती तशी राहू देते.

दोन दिवस मिळून हाताचे अकरा तास गेले. बॉनेटची सरासरी ११२ची १११ झाली. मीटरच्याच अचूकतेत तेवढा फरक मावतो, तेव्हा नेमकं किती साल निघालं ते मी सांगू शकत नाही. फार निघालं नाही, एवढं नक्की. काम संपल्यावर गाडी उन्हात काढली. बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसत होत्या, वाळत घातलेल्या साड्यांच्या काठांसकट. आत्या बराच वेळ काही न बोलता बघत राहिली. मग म्हणाली, "घेतली त्या दिवशी अशीच होती."

पाडव्याला, ३० मार्चला, हार घालून पूजा झाली.

जूनमध्ये टॉर्च लावून पाहिलं, जाळं नव्हतं. पावसाळा गेला. दसरा २ ऑक्टोबरला होता, त्यानंतरच्या रविवारी पुन्हा गेलो. बॉनेटवर उजव्या बाजूला वीतभर जागेत नव्या, ताज्या रेषा. आत्यानेच सांगितलं. दसऱ्याला सकाळी झेंडूची तोरणं लावायची होती, गाडीवर धूळ दिसली, पंप भरायला वेळ नव्हता. तिने तिच्या सगळ्यात मऊ, जुन्या सुती साडीच्या फडक्याने हळूच पुसलं.

"मऊ होतं रे ते," ती म्हणाली.

मी तिला ते फडकं आणायला सांगितलं आणि पांढऱ्या कागदावर झटकून दाखवलं. तिने चष्मा लावून कण पाहिले, चिमटीत घेतले, चोळले. मग तिनेच विचारलं, आता पुन्हा मशीन लावणार का. मी मीटर लावला, १११. मशीन गाडीतून बाहेर काढलं नाही. पंप भरला आणि गाडी धुवायला घेतली.